‘नाइस’ : एका शब्दाचें चरित्र

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या तोंडीं जे शब्द प्रथम बसतात, त्यांत ‘नाइस’ हा एक होय. चांगला, छान, गोड एवढा अर्थ सांगितला कीं काम भागतें. परंतु या सालस दिसणाऱ्या शब्दाचें पूर्वचरित्र पाहिलें म्हणजे मोठें नवल वाटतें.

त्याचें मूळ अज्ञ, अजाण या अर्थाच्या ‘नेस्किउस’ या लॅटिन शब्दांत आहे. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजींत आला, तेव्हां, म्हणजे इ. स. १३०० च्या सुमारास, एखाद्यास ‘नाइस’ म्हणणें म्हणजे त्यास मूर्ख म्हणणें होतें. पुढें छचोर, चोखंदळ, नाजुक अशा पायऱ्या चढत तो ‘सूक्ष्म, काटेकोर’ येथवर पोंचला. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांत भर आहे तो या सूक्ष्मतेवरच. ‘सुखद’ हा अर्थ रूढ झाला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ कादंबरींत हेन्री टिल्नी या सरसकट वापराची थट्टा करतो. हा शब्द मुळांत नीटनेटकेपणा व नाजुकपणा यांसाठीं होता, असें तो बजावतो. त्याहूनहि पूर्वीं तो मूर्खांसाठीं होता, याचा मात्र उच्चार करीत नाहीं!

हें ज्ञान केवळ गंमतीचें नव्हे. ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’ नाटकांत रोमिओपर्यंत न पोंचलेलें पत्र ‘नाइस’ नव्हतें, असें धर्मगुरु लॉरेन्स म्हणतो. आजचा अर्थ धरणाऱ्यास वाटेल, पत्र रुक्ष असावें. वास्तविक आशय असा कीं, तें क्षुल्लक नव्हतें. त्यावर दोन जीव अवलंबून होते. एका शब्दाचा अर्थ चुकला कीं शोकान्तिकेचा सांधाच निखळतो.

आपणांस ही अडचण परकी नाहीं. संस्कृतांतील ‘राग’ म्हणजे अनुराग. मराठींत तो क्रोध झाला. ‘शिक्षा’ म्हणजे अध्ययन, आपल्याकडे दंड. ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल, प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. मराठीच्या बळावर संस्कृत वाचणारा जसा फसतो, तसाच आजच्या इंग्रजीच्या बळावर शेक्सपिअर वाचणाराहि फसतो.

‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे आजहि छान भेद नव्हे, तर बारीक भेद; जुना अर्थ तेथें अद्याप नांदत आहे. म्हणून शब्दाचा अर्थ विचारतांना ‘कोणत्या काळीं?’ हेंहि विचारण्याची संवय मुलांना लावावी. अनोळखी शब्दासाठीं आपण कोश उघडतों. ओळखीच्या शब्दासाठीं उघडीत नाहीं, आणि फसवितो तो तोच.