‘आज रात्री वीज तोडली जाईल’ : खोटे संदेश कसे ओळखावेत

‘मागील महिन्याचे बिल जमा झालेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब अधिकाऱ्यांना फोन करा.’ अशा आशयाचे संदेश 2022 मध्ये देशभर फिरले, आजही येतात. वेळ रात्रीची असते, कारण तेव्हा कार्यालय बंद आणि विचारायला कोणी नाही. घरी एकटे राहणारे ज्येष्ठ सभासद नेमके इथे घाबरतात.

आधी पाठवणारा कोण ते पाहावे. खोटा संदेश बहुधा साध्या दहा आकडी मोबाईलवरून येतो. नोंदणीकृत संस्थांचा संदेश इंग्रजी अक्षरी नावाने येतो आणि 2025 पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर असते: सरकारी असेल तर जी, सेवेचा असेल तर एस, व्यवहाराचा टी, जाहिरातीचा पी. तरीही संदेशातला क्रमांक वापरूच नये. जुन्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर विचारावे.

फोन केलाच, तर पलीकडचा माणूस फार अदबीने बोलतो. ‘बिल भरले आहे, फक्त अपडेट करायचे, दहा रुपये पाठवा’ म्हणतो आणि एक अ‍ॅप घ्यायला लावतो. त्या अ‍ॅपमधून आपला पडदा त्याला दिसतो, ओटीपीसुद्धा. खरी वीज कंपनी असे अ‍ॅप घ्यायला सांगत नाही. यूपीआयचा पिनही पैसे देतानाच लागतो, घेताना कधीच नाही.

पैसे गेलेच तर लाजू नये, सकाळची वाट पाहू नये. लगेच 1930 वर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते.