दीनानाथांची वाहवा

मंगेशीचे मास्टर दीनानाथ आपले, हे गोव्यात कोणाला सांगावं लागत नाही. पणजीच्या कला अकादमीतल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे. पण त्यांची स्तुती ऐकताना मला एक गोष्ट खटकत आली आहे. लोक बोलतात ते त्यांच्या तानेविषयी. ती तान घेताना रंगमंचावर कोण उभं होतं, याविषयी फारसं कोणी बोलत नाही.

१९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. समोर बालगंधर्व होते! साडी नेसून गाणाऱ्या प्रत्येक नटाचं माप त्या काळी गंधर्वांच्या काठीनेच घेतलं जाई. गंधर्वांचं मार्दव दीनानाथांत नव्हतं, आणि त्यांनी ते उसनंही आणलं नाही. चढा, धारदार आवाज, विजेसारख्या ताना. 'भावबंधन'मध्ये ते लतिका झाले. १९२७ साली वीर वामनराव जोश्यांचं 'रणदुंदुभी' आलं आणि त्यातली तेजस्विनी म्हणजे या गळ्यासाठीच लिहिलेली भूमिका वाटावी अशी. पारतंत्र्याची चीड गायची तर आवाजात लोणी कशाला हवं? वझेबुवांच्या चाली, देशाचं वातावरण आणि हा आक्रमक गळा, तिन्ही एकदम जुळून आलं. तिथे तान ही करामत नव्हती, पात्राचा संताप होता. माझ्या मते इथेच ते नट म्हणूनही मोठे ठरतात.

काही वर्षांमागे एका लग्नासाठी बिदर जिल्ह्यातल्या औरादला गेलो होतो. हा भाग १९५६ पासून कर्नाटकात आहे, पण मराठी तिथे घराघरांत. पंगतीत शेजारी बसलेले नाटकवेडे आजोबा म्हणाले, "गंधर्व कुशीत घेतात, तुमचे दीनानाथ अंगावर येतात बघा." एवढी नेमकी समीक्षा मी छापील पानावर क्वचितच वाचली आहे. (जेवणही उत्तम होतं, असो.)

युरोपातल्या ऑपेरात गायकाला रचनाकाराने लिहून दिलेल्या स्वरांच्या चौकटीत राहावं लागतं. आपल्याकडे 'वन्स मोअर'ची आरोळी आली की नाटक थांबे आणि पद पुन्हा सुरू होई. तेव्हा श्रोत्यांनी पात्र विसरून गळाच लक्षात ठेवला, यात नवल नाही. पुढे बोलपट आले, मंडळीने १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' चित्रपटही काढला, पण घडी बसली नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. वय अवघं एकेचाळीस. मागे उरल्या त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या. त्यांत गळा सापडतो, पण तेजस्विनी सापडत नाही.