भाडेकरू हलेना, म्हणून काचेचं घर

रिनोव्हेशनमध्ये आधी आर्किटेक्ट, मग इंटिरियरवाला, हा क्रम आपण गृहीत धरतो. पॅरिसच्या ‘मेझों द व्हेर’मध्ये (१९२८–३२) तो टिकलाच नाही. डॉ. झाँ दालसास यांना जुनी इमारत पाडायची होती. पण वरच्या मजल्यावरची भाडेकरू बाई जागा सोडेना. मग फर्निचर डिझायनर पिएर शारो आणि आर्किटेक्ट बर्नार्ड बायफूट यांनी तिचा मजला पोलादी खांबांवर तोलला, खालचा भाग काढला आणि तिथे काचेच्या विटांचं घर बसवलं. भार खांबांनी घेतल्यामुळे आतल्या भिंती मोकळ्या झाल्या. खाली दवाखाना, वर घर. दिवसा पेशंटपासून घरचा जिना झाकायला फिरता पडदा पुरला. आता सांगा, हा पडदा आर्किटेक्चर की इंटिरियर? म्हणूनच भिंतीला हातोडा लावण्याआधी दोघांनी एकत्र बसायला हवं.