टूथ घरचा, डेंटल पाहुणा

इंग्रजी शिकताना नामापासून विशेषण करायची सोपी युक्ती सांगतात. शब्दाला शेपूट जोडा, झाले! होपचे होपफुल, फ्रेंडचे फ्रेंडली, चाइल्डचे चाइल्डिश. मुले खूश. मग सूर्यग्रहणाला 'सनी' म्हटले की गुण जातात. दिवस सनी, पण ग्रहण सोलर. हसू टूथी, पण दवाखाना डेंटल. हे असे का?

याचे उत्तर व्याकरणात नाही, इतिहासात आहे.

इंग्रजीची घरची शेपटे जुनी, जर्मानिक कुळातली. फ्रेंडलीमधला 'ली' ज्या शब्दापासून आला त्याचा अर्थ शरीर, रूप. म्हणजे फ्रेंडली म्हणजे मित्रासारखा. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला तो 1362 साली, आणि गंमत म्हणजे तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता! पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधून शब्द उचलायला सुरुवात केली. दात, सूर्य, चंद्र, कुत्रा ही नामे लोकांच्या तोंडी होती, ती टिकली. शास्त्राला लागणारी विशेषणे मात्र पोथीतून आली: डेंटल, सोलर, ल्यूनर, कॅनाइन. राजाला तर तीन मिळाली. किंगली घरचे, रॉयल फ्रेंच, रीगल लॅटिन.

हे सगळ्यांना रुचले नाही. केंब्रिजला ग्रीक शिकवणाऱ्या सर जॉन चीक यांनी 1557 साली एका पत्रात आग्रह धरला, की आपली भाषा उसनवारीशिवाय लिहावी. बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना त्यांनी 'ल्यूनॅटिक' टाळून 'मून'पासून 'मून्ड' असे विशेषण घडवले. शब्द अगदी नियमात बसणारा, तरी तो चालला नाही. आणि त्या पत्रात शुद्धतेसाठी चीकसाहेबांनी वापरलेला 'प्युअर' हा शब्दच मुळी फ्रेंचमधून आलेला!

लोकांनी वेगळाच मार्ग काढला. फ्रेंचमधून आलेला 'एबल' हा प्रत्यय त्यांनी घरच्या क्रियापदांना बिनदिक्कत लावला. रीडेबल, ईटेबल, ड्रिंकेबल. आज त्यातला सांधा दिसतही नाही.

आपल्याला हे परके वाटायला नको. दातापासून मराठीने 'दातेरी' केले, पण त थ द ध ही व्यंजने मात्र 'दंत्य'. एक घरातले, एक संस्कृत ग्रंथातले. आणि फारसी 'दार' आपण पाण्याला लावला, त्याचे 'पाणीदार' झाले. पाणीदार डोळे म्हणताना कुणाला फारसी आठवते?

मराठी शुद्ध राखायचा वाद निघाला की मला चीकसाहेब आठवतात. त्यांची तळमळ खरी होती, भाषेवरचे प्रेमही खरे. पण शब्द टिकतो तो कुळ पाहून नाही, तोंडात बसला तर. मात्र ज्या विशेषणांमागे नाम दिसत नाही, ती शिकणाऱ्याला पाठच करावी लागतात, हेही तितकेच खरे. तेव्हा 'सनी ग्रहण' लिहिणाऱ्या मुलावर रागावू नये. त्याने नियम बरोबर लावलेला असतो. आड येतो तो हजार वर्षांचा इतिहास.

'पाणीदार'सारखे आणखी सांधेजोड शब्द आठवले तर जरूर कळवा.