जोगळटेंभीचा नाणेसंचय आणि विद्यार्थ्यांचे बहुमाध्यमी प्रकल्प

इ. स. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी या गावी रौप्य नाण्यांचा एक मोठा संचय उपलब्ध झाला. त्यात सुमारे १३,२५० नाणी होती. ही नाणी मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याच्या नावाची. परंतु त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन नृपती गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या संचयाचे परीक्षण करून त्याचा वृत्तान्त रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील एका मोठ्या सत्तांतराचा हा धातूत कोरलेला पुरावा होय.

नाण्यांचा इतिहास हा विषय विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी अलीकडे वारंवार निवडला जातो. छायाचित्र, नकाशा, ध्वनिमुद्रण व चलच्चित्र यांची संगणकाच्या साहाय्याने सांगड घालणे आता शाळेतील मुलांसही साध्य झाले आहे. तथापि अशा प्रकल्पांत एक दोष सर्रास आढळतो. आहत नाण्यांपासून आरंभ करून कागदी चलनापर्यंत एकामागून एक चित्रे पडद्यावर सरकत जातात, प्रत्येकाखाली राजाचे नाव व सनावळी असते आणि पार्श्वभूमीस वाद्यसंगीत चालू राहते. त्यात नाणे हे साधन न राहता केवळ अलंकार बनते. संपूर्ण चलनेतिहासाऐवजी एकच नाणेसंचय घेऊन त्याला नेमके प्रश्न विचारावयास लावणे, हे मार्गदर्शक शिक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते. या दृष्टीने जोगळटेंभीइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रथम नाण्याचे वर्णन. नहपानाच्या नाण्याच्या पुढील बाजूस राजाचा मुखवटा असून त्याभोवती ग्रीक अक्षरांत लेख आहे. मागील बाजूस बाण व वज्र ही चिन्हे असून ब्राह्मी व खरोष्ठी या लिप्यांत राजाचे नाव आहे. ब्राह्मी लेख ‘राञो क्षहरातस नहपानस’ असा वाचला जातो. म्हणजे एका लहानशा नाण्यावर तीन लिप्या नांदतात. मात्र ग्रीक अक्षरांतही शब्द भारतीयच आहेत. ब्राह्मी डावीकडून उजवीकडे व खरोष्ठी उजवीकडून डावीकडे वाचावयाची, हे छापील पानावर सांगून विद्यार्थ्याच्या मनावर फारसे ठसत नाही. तेच एकेक अक्षर क्रमाने उजळत जाऊन त्यासोबत उच्चार ऐकू आला, तर ते सहज कळते. माध्यमांचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे.

छायाचित्राविषयीही काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. पडद्यावर नाणे ताटाएवढे दिसते. त्यामुळे सुमारे दोन ग्रॅम वजनाच्या त्या रुप्याच्या तुकड्याची कल्पना पाहणाऱ्यास येत नाही. यास्तव मोजपट्टी, वजन, धातू, दोन्ही बाजू व प्राप्तिस्थान यांवाचून कोणतेही चित्र स्वीकारू नये. एकाच सुबक नाण्यावर भिस्त ठेवणेही धोक्याचे. नहपानाच्या नाण्यांवरील मुखवटे परस्परांपासून बरेच भिन्न आहेत, ही गोष्ट स्कॉट यांच्या ध्यानात आली होती. ‘नहपान असा दिसत होता’ असे एका चित्रावरून सांगणारा प्रकल्प या प्रश्नाला बगल देतो. दहा मुखवटे शेजारी शेजारी मांडणारा प्रकल्प तो प्रश्न उभा करतो.

पुनर्मुद्रांकित नाण्यांच्या बाबतीत तर चलच्चित्राची मदत अनमोल आहे. गौतमीपुत्राच्या ठशात एका बाजूस तीन कमानींचा चैत्य, त्याखाली नागमोडी रेषा व सभोवती ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ हा लेख असून दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह आहे. नवा ठसा पडूनही जुना पुरता पुसला जात नाही. चैत्याच्या कडेला ग्रीक अक्षर डोकावते किंवा उज्जयिनी चिन्हाच्या वर्तुळांमधून मुखवट्याचा भाग दिसतो. हे दोन थर निरनिराळ्या रंगांत रेखाटून क्रमाने दाखविता येतात. मात्र प्रत्यक्षात जेवढी रेषा दिसते तेवढीच पक्की काढावी आणि कल्पनेने पुरी केलेली रेषा तुटक ठेवावी, हा दंडक विद्यार्थ्याला प्रारंभीच घालून दिला पाहिजे. पाहिलेले आणि अनुमानिलेले यांतील सीमारेषा ओळखणे, हेच इतिहासशिक्षणाचे सार होय.

यानंतर नाण्यांची सांगड शिलालेखांशी घालता येते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षाचा लेख आहे. त्यात राजमाता गौतमी बलश्री हिने आपल्या पुत्राचे वर्णन क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा असे केले आहे. मातेने केलेली पुत्रस्तुती इतिहासकार सावधपणेच घेणार. परंतु हजारो नाण्यांवरील ठसा ही स्तुती नव्हे, ती राज्यकारभारातील कृती आहे. तिच्यामुळे त्या प्रशस्तीला आधार मिळतो. तरीही नाणी जे सांगत नाहीत ते त्यांच्या मुखी घालू नये. गौतमीपुत्राची सत्ता नहपानाच्या मागून आली, एवढे ती निःसंशय सिद्ध करतात. रणांगण कोठे होते, नहपान कसा मरण पावला, हे त्यांवरून कळत नाही. सुमारे ४,००० नाणी नव्या ठशावाचून का राहिली, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे उघडाच ठेवावा. कालनिर्णयाचेही तसेच आहे. नहपानकालीन लेखांतील ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची मानल्यास तो काळ इ. स. ११९ ते १२४ असा येतो; उलटपक्षी ती राज्यवर्षे समजून नहपानाचा अंत इ. स. ७८ च्या सुमारास मानणारे संशोधकही आहेत. प्रकल्पात दोन्ही मते त्यांच्या आधारांसह आली पाहिजेत.

नाणे हे राजचिन्ह असले तरी अखेर ते व्यवहाराचे साधन आहे. याची जाणीव दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखाने होते. नहपानाच्या या जावयाने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले व त्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावे, अशी व्यवस्था केली. वार्षिक व्याज २४० कार्षापण, म्हणजे हिशेब चोख जुळतो. त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण असे प्रमाण असल्याने एका सुवर्णाचे मोल ३५ कार्षापण ठरते. हे गणित स्वतः मांडणाऱ्या विद्यार्थ्याला नाण्यामागील विणकर, भिक्षू व दाता दिसू लागतात.

प्राप्तिस्थानाचे महत्त्व शेवटी सांगावयाचे. इ. स. १८७८ च्या निधिविषयक कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक करण्यात आले. तरीही कितीतरी संचय सोनारांच्या मुशीत वितळून गेले, कितीतरी सुटे सुटे विकले गेले. जोगळटेंभीची नाणी एकेक करून बाजारात आली असती, तर राहिली असती ती केवळ काही चमत्कारिक दुहेरी ठशांची नाणी. त्यांचे प्रमाण आणि त्यांवरून निघणारे अनुमान दोन्ही लुप्त झाले असते. ज्या विद्यार्थ्याने हा संचय एकत्र ठेवून अभ्यासिला, त्याच्या गावी उद्या नांगराच्या फाळाला एखादे मडके लागले, तर ते फोडून वाटून घेऊ नये हे त्याला निराळे सांगावे लागणार नाही.