टपाल तिकीट व शिक्का असलेल्या नोटांचा संग्रह

चलनी नोटेवर टपाल तिकीट चिकटवून त्यावर टपालाचा शिक्का घेतला, की ती नोट त्या दिवसाची आणि गावाची खूण ठरते. शिक्का तिकीट आणि नोट दोन्हींवर उमटलेला, ठिकाण व तारीख वाचता येईल असा हवा.

ठाण्याच्या शिक्क्याला १६ एप्रिल ही तारीख शोभते: १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे रेल्वे धावली. तिच्या शताब्दीचे दोन आण्यांचे तिकीट १९५३ मध्ये निघाले. कल्याणला रेल्वे १८५४ मध्ये पोहोचली.

मात्र नोटांवर लिहू नका, शिक्के मारू नका, असे रिझर्व्ह बँक सांगते. जुन्या नोटेचे मोलही डिंकाने घटते. त्यापेक्षा नोट कोरी ठेवून शिक्क्याचे पाकीट अल्बममध्ये तिच्या शेजारी लावावे.