वेषाचे ग्रंथ आणि वेषाचा अधिकार

पुरुषानें अंगावर काय घालावें, कसें घालावें आणि केव्हां घालावें ह्या विषयावर ग्रंथ लिहिणें हें पुष्कळांस पोरखेळाचें काम वाटतें. विद्वानांनीं तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र किंवा काव्य ह्यांवर लिहावें. कोटाची बेतणी आणि धोतराचा कांठ हे विषय शिंप्यावर आणि कोष्ट्यावर सोपवावे, अशी सामान्य समजूत आहे. परंतु इतिहासाच्या कसोटीस ही समजूत उतरत नाहीं. इंग्लंडांत कार्लाइलसारख्या गंभीर ग्रंथकारानें 'सार्टर रिसार्टस' ह्या पुस्तकांत वस्त्रांचेंच तत्त्वज्ञान मांडलें, आणि तें पुस्तक १८३३-३४ सालीं एका मासिकांतूनच प्रथम लोकांपुढें आलें. फ्रान्समध्यें बार्बे दोर्व्हियी ह्यानें १८४५ सालीं लंडनच्या ब्रमेल नांवाच्या प्रसिद्ध नटव्या गृहस्थावर सबंध पुस्तक लिहिलें. हा ब्रमेल सरदार घराण्यांतला नव्हता. जरी-मखमल टाकून स्वच्छ धुतलेला सदरा आणि अंगास बरोबर बसणारा साधा कोट एवढ्याच भांडवलावर त्यानें दरबारांतील मंडळींस आपल्यामागें चालावयास लावलें. पुढें १८६६ पासून लंडनांत शिंप्यांच्या धंद्यासाठीं 'टेलर अँड कटर' हें नियतकालिक निघूं लागलें, आणि पोषाखाचें जें ज्ञान पूर्वीं घराण्यांतून मिळे तें पैसे टाकणाऱ्या कोणासही मिळूं लागलें.

ह्यावरून आमच्या मनांत एक प्रश्न उद्भवतो. वेषाच्या ग्रंथांत वस्त्राइतकेंच, किंबहुना अधिक, महत्त्व त्या ग्रंथाच्या वाचकास असतें. ग्रंथकार हें सारें सांगतो तें कोणास? आणि कोणास तो मुळींच सांगत नाहीं? ह्या दृष्टीनें आपल्या देशांतील, आणि विशेषतः जुन्या चांदा जिल्ह्यांतील म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांतील, वेषाचा इतिहास पाहिला तर त्यापासून पुष्कळ बोध घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे हें शास्त्र नवीन नाहीं. वात्स्यायनानें कामसूत्रांत नागरकाची दिनचर्या सांगितली आहे. त्यानें रोज स्नान करावें, एक दिवसाआड अंग मर्दून घ्यावें, डोळ्यांत काजळ घालून आरशांत मुख पाहावें, इतक्या बारीक सूचना तींत आहेत. पुढें कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाच्या उपभोगांत त्यानें वस्त्रोपभोगास स्वतंत्र स्थान दिलें आहे. वस्त्रें कोणकोणत्या देशांतून यावींत हें सांगतांना तो कलिंग, सिंहल, मूलस्थान, थेट महाचीन येथपर्यंत जातो, आणि ऋतुमानाप्रमाणें काय नेसावें ह्याचाही विचार करतो. उन्हाळ्यांत पातळ आणि शुभ्र वस्त्र बरें, थंडींत लोकरीचें बरें, हें त्याचें म्हणणें आजही कोणास अमान्य होणार नाहीं. पण वात्स्यायनाचा वाचक संपन्न नागरिक आहे आणि सोमेश्वराचा वाचक राजा आहे. ह्यांच्या खालच्या लोकांच्या वेषाचा विचार कोठें झाला आहे काय, असें शोधूं लागल्यास तो मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत सांपडतो. तेथें चांडाळानें प्रेतावरचीं वस्त्रें नेसावींत अशी आज्ञा आहे. एकास काय नेसणें शोभेल हें सांगितलें आहे. दुसऱ्यास काय नेसण्याची मोकळीक नाहीं हें सांगितलें आहे. दोन्ही वेषाचेच नियम, परंतु पहिला सल्ला आहे आणि दुसरा दंडक आहे.

आतां चांद्याकडे वळूं. गोंड राजांचा हा मुलूख १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८५४ सालीं इंग्रजांकडे गेला. ह्या रानावनाच्या प्रदेशाचा उत्तम पोषाखाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. तो संबंध पोषाख करणाराच्या बाजूनें नसून वस्त्र सिद्ध करणाराच्या बाजूनें आहे. १८६५ सालीं नागपुरास जें प्रदर्शन भरलें, त्यांत चांद्याकडील महारांच्या हातचें असें सूत होतें कीं त्याचें एक पौंड वजन ११७ मैल लांब पसरलें असतें, अशी नोंद जुन्या सरकारी ग्रंथांत आहे. गिरणीच्या भाषेंत ८४० वारांची एक लडी धरतात, आणि एका पौंडांत जितक्या लड्या बसतील तो सुताचा नंबर समजतात. त्या हिशेबानें हें सूत सुमारें २४५ नंबरचें होतें. यंत्राच्या साहाय्यावांचून, नुसत्या बोटांच्या अंदाजावर काढलेलें हें सूत पाहून कोणाही रसिकानें मान डोलवावी.

दुसरें उदाहरण कोशाचें. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर ढीवर लोक कोशाचे किडे वाढवितात, पाखरांपासून त्यांस राखतात, आणि त्या कोशांच्या धाग्याचें कापड आरमोरीसारख्या गांवीं विणलें जातें. असें रेशमी वस्त्र आमच्या पांढरपेशा घरांत सोवळ्यास चालत आलें. ज्याच्या हातीं तें वाढलें त्यास पंक्तीस घेण्यास जें घर राजी नव्हतें, त्याच घरांत त्याचें वस्त्र नेसून देवपूजा होई. आगरकरांनीं 'सुधारक' पत्रांत सोवळ्याची मीमांसा केली, ती ह्या प्रकारच्या विसंगतीची फोड करण्यासाठींच. त्याच आगरकरांनीं स्त्रियांनीं जाकिटें घालावींत म्हणून आग्रहानें लिहिलें. मराठी नियतकालिकांत पोषाखाची चर्चा झाली ती अशी सुधारणेच्या पोटांत झाली. लंडनच्या नियतकालिकास शोभा वाढवावयाची होती, तर आमच्या पत्रांस आधीं मनाई उठवावयाची होती.

ह्या चर्चेंत जोतीराव फुले ह्यांचा मार्ग निराळा होता. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. शेतकऱ्याची दैना सांगतांना त्याच्या अंगावर वस्त्र किती अपुरें आहे हें ते वाचकाच्या डोळ्यांपुढें उभें करतात. १८८८ सालीं पुण्यांत ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तेव्हां ते शेतकऱ्याच्याच वेषांत तेथें गेले. दरबारी पोषाखाच्या मेळ्यांत त्यांनीं ग्रंथांतला उतारा जणू अंगावर घालून दाखविला.

परंतु ज्यास चांगलें वस्त्र नेसण्याचीच बंदी आहे, त्यानें काय करावें? डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनावरील निबंधांत इंदूरकडील बलाई लोकांची हकीकत दिली आहे. १९२८ च्या आरंभीं वर्तमानपत्रांत आलेली ती बातमी होती. तेथील उच्चवर्णीय गांवकऱ्यांनीं बलाई लोकांवर जे नियम लादले, त्यांतील पहिले दोनही पुरुषांच्या वेषासंबंधींचे होते: जरीकांठी पगडी घालूं नये, आणि रंगीत किंवा नक्षीदार कांठाचें धोतर नेसूं नये. बलाई हे परंपरेनें विणकर आहेत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या नियमांची क्रूरता कळते. कांठ विणणाराच्या हातानें कांठ नेसूं नये! चांद्याच्या बारीक सुताची हकीकत वाचतांना हे नियम आम्हांस आठवल्यावांचून राहत नाहींत.

आंबेडकरांनीं ह्यावर जें उत्तर दिलें तें आमच्या मतें मराठींतील वेषविषयक उपदेशाचें सर्वांत मोलाचें प्रकरण आहे, आणि तें एका भाषणांत आहे. १९२७ च्या डिसेंबरांत महाडास जमलेल्या स्त्रियांस त्यांनीं सांगितलें कीं, ज्या नेसण्यावरून व दागिन्यांवरून अस्पृश्यता ओळखूं येते तें सोडून द्या. वस्त्र फाटकें असलें तरी चालेल, पण तें स्वच्छ असूं द्या. ब्रमेलनें स्वच्छ सदऱ्याचा जो धडा लंडनला दिला, तोच येथें निराळ्या हेतूनें दिला गेला. तेथें फळ शोभेचें होतें, येथें माणूस म्हणून ओळख मिळविण्याचें होतें. स्वतः आंबेडकर नेटक्या सुटांत वावरत, ह्याबद्दल त्यांस दूषण देणारे कांहीं कमी नव्हते. त्यांच्याच काळांत गांधीजींनीं १९२१ सालीं मदुरा येथें पंचा स्वीकारला, आणि १९३६ सालीं चांद्याच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत शेगांवीं वस्ती केली; तेंच पुढें सेवाग्राम झालें. दोघांचेही वेष विचारपूर्वक धारण केलेले होते. पण ज्याच्याजवळ वस्त्र आहे त्यानें तें टाकलें तर त्यास त्याग म्हणतात. ज्यास तें नेसूं दिलें नाहीं त्यास त्यागाचा उपदेश करणें ही थट्टा होय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास शुभ्र वस्त्रें नेसून आलेल्या लाखों लोकांनीं धम्मदीक्षा घेतली आणि दोनच दिवसांनीं, १६ ऑक्टोबरास, चांद्यासही दीक्षेचा समारंभ झाला. ज्यांच्या पूर्वजांचें सूत ११७ मैल गेलें असतें, त्यांत त्या समाजाचे लोक होते. शुभ्र वस्त्राचा अर्थ त्या दिवसांत बदलला.

गडचिरोलीकडे पाहिलें तर तेथें दुसऱ्या टोंकाचें उदाहरण सांपडतें. रसेल आणि हिरालाल ह्यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर १९१६ सालीं चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत गोंडांच्या वेषाचें वर्णन आहे, परंतु तें गोंडांनीं वाचावें म्हणून लिहिलेलें नाहीं. ज्याचा वेष वर्णिला तो त्या ग्रंथाचा विषय झाला, वाचक झाला नाहीं. ह्याच्या उलट डॉ. प्रकाश आमटे १९७३ सालीं भामरागडच्या जंगलांत हेमलकसा येथें माडियांच्या सेवेस गेले, आणि त्यांनीं आपला पोषाख बनियन व अर्धी चड्डी एवढाच ठेवला. हा त्याग होता, आणि तो सुशिक्षितानें स्वतःवर घालून घेतला होता. माडियांस त्यांनीं असेंच राहा म्हणून सांगितलें नाहीं. ह्यामुळेंच तो आम्हांस आदरणीय वाटतो.

आज ह्या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांत रानांतल्या गांवांहून मुलें येतात, आणि नोकरीच्या मुलाखतीसाठीं पुस्तकें वाचतात. त्यांत शर्टाचा रंग, पट्टा, बूट ह्यांविषयीं दोन पानें असतात. आमचे कांहीं सहाध्यापक त्या पानांस हंसतात. आम्हांस तें हंसणें पटत नाहीं. ज्या घरीं हीं गोष्ट सांगणारा कोणी नव्हता त्या घरच्या मुलास तीं दोन पानें सोमेश्वराच्या अध्यायाइतकींच उपयोगी आहेत. मात्र त्या पुस्तकांत एक उणीव आहे. तीं मुलास दुसऱ्यासारखें दिसावयास शिकवितात. आजोबांचें धोतर आणि आजीचें नेसणें ह्यांची त्यास लाज वाटूं नये, हें कोणी सांगत नाहीं. आरमोरीच्या कोशाचा सदरा घालून जो तरुण मुलाखतीस जाईल, त्याच्या अंगावर आपल्याच मुलुखाच्या हातांचें काम असेल. असा सदरा केव्हां आणि कसा घालावा हें सांगणारें प्रकरण मराठींत लिहिलें जावें, आणि तें ढीवराच्या व विणकराच्या मुलानेंच लिहावें, अशी आमची इच्छा आहे.